बाइकचं इंजिन, चार चाकं आणि मधली चेन: नव्या टीमसाठी

फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजच्या मुलांनी स्वतः रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये ड्राइव्हट्रेनचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं, काम पहिल्यांदाच अंगावर आलं की बहुतेक मुलं एकच प्रश्न विचारतात: कोणती चेन घ्यायची? त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. इंजिन केटीएम ३९० चं असेल तर चांगल्या कंपनीची ५२० नंबरची एक्स-रिंग (ग्रीस आत धरणाऱ्या, एक्सच्या आकाराच्या रबरी रिंगांची) चेन घ्या. खरी मेहनत आहे ती चेन सरळ रेषेत, न हलणाऱ्या बैठकीवर बसवण्यात आणि मग तिच्यावर लक्ष ठेवण्यात. ते नीट झालं नाही, तर महागातली महाग चेनही एका मोसमात संपते.

इथे ज्या गाडीबद्दल लिहितोय तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बाइकचे आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे असतात. गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटवरून (दातांच्या चक्रावरून) चेन डिफरन्शियलवरच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावरच्या, मोठ्या स्प्रॉकेटकडे जाते आणि तिथून दोन हाफ-शाफ्ट (दोन बाजूंचे दांडे) चाकांपर्यंत पोचतात. ही रचना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कूपर कंपनीच्या ५०० सीसी रेसिंग गाड्या जेएपी आणि नॉर्टनच्या बाइक इंजिनांवर, चेनच्याच जोरावर धावत होत्या. पुढे नामवंत झालेल्या ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसने १९४८ मध्ये अशाच एका कूपरमधून रेसिंगला सुरुवात केली. आपली गाडी ट्रॅकवर किंवा कॉलेजच्या बंद मैदानातच चालवायची, रस्त्यावर आणायची नाही.

बाइकचं मॅन्युअल इथे अर्धंच उपयोगी

बाइकच्या मॅन्युअलमधले चेनचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तीन गोष्टी बदललेल्या असतात.

पहिली गोष्ट, बाइकच्या मागच्या हबमध्ये रबरी डँपर असतात. क्लच एकदम सुटला तर पहिला धक्का ते रबर खातं. आपल्या गाडीत स्प्रॉकेट डिफरन्शियलला थेट बोल्टने घट्ट बसवलेलं असतं. मध्ये मऊ असं काही नसल्यामुळे सगळा धक्का चेनच्या पिनांवर आणि स्प्रॉकेटच्या दातांवर येतो. त्यात दोन रुंद स्लिक (खाचा नसलेले) टायर जमीन घट्ट धरून ठेवतात. बाइक अशा वेळी पुढचं चाक उचलते किंवा मागचं घसरते आणि चेनवरचा ताण आपोआप मर्यादेत राहतो. गाडीत ही सवलत फार कमी मिळते.

दुसरी गोष्ट, बाइकचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) वरखाली होतो आणि त्याबरोबर दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. म्हणून बाइकच्या चेनमध्ये बरीच ढील ठेवावी लागते. आपलं डिफरन्शियल चॅसिसला पक्कं असतं, सस्पेन्शनची हालचाल हाफ-शाफ्टचे सांधे सांभाळतात. त्यामुळे एवढी ढील लागत नाही, आणि ठेवली तर चेन फटके मारते.

तिसरी गोष्ट लांबीची. बाइकवर शंभराच्या वर कड्या असतात, आपल्या गाडीत साठ-सत्तर. काम तेवढंच, पण प्रत्येक कडी स्प्रॉकेटवरून जास्त वेळा फिरते, म्हणून झीज लवकर होते.

चेनवरचा नंबर

५२० मधला पहिला आकडा पिच सांगतो, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ५ म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. पुढचे दोन आकडे आतली रुंदी सांगतात: ५२० ची ६.३५ मिमी, ५२५ ची ७.९४ आणि ५३० ची ९.५३. या तिन्हींचा पिच आणि रोलरचा व्यास, १०.१६ मिमी, सारखाच.

१५० सीसीच्या आसपासच्या बाइकवर ४२८ दिसते, ती आपल्या कामासाठी लहान पडते. केटीएम ३९० वर मूळचीच ५२० असते. होंडा सीबीआर ६०० आरआरवर कंपनी ५२५ देते, पण रेसिंगवाले वजन कमी करायला चांगल्या प्रतीची ५२० लावतात आणि ती पुरते.

एका मोहाबद्दल बजावून सांगतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कारखान्यातल्या यंत्रांची ५/८ पिचची चेन मिळते, ५० नंबर किंवा १०बी. पिच आणि रोलर जुळतात, त्यामुळे ती ५२० च्या स्प्रॉकेटवर बसते सुद्धा. ती घेऊ नका. ती साधारण २२ किलोन्यूटनच्या ताकदीची, कन्व्हेयरसारख्या संथ कामाची चेन आहे. बाइकची चांगली ५२० त्याहून रुंदीला कमी असूनही ३० ते ४० किलोन्यूटनपर्यंत तग धरते, कारण तिचं पोलाद, पिना आणि त्यांच्यावरची उष्णता-प्रक्रिया वेगळी असते.

ओ-रिंग, एक्स-रिंग की साधी? सील असलेल्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या (पिनभोवतीच्या नळीच्या) मध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि रबरी रिंग ते आत धरून ठेवते. साधी रेसिंग चेन हलकी असते, घर्षणही थोडं कमी, पण प्रत्येक फेरीनंतर तेल मागते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या टीमने साधी चेन घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दमट हवेत, परीक्षेच्या आठवड्यांत गाडी कोपऱ्यात पडून असताना, सील असलेली चेनच तगते.

दात किती?

चूक होण्याची सगळ्यात जास्त शक्यता इथे आहे, आणि ती कागदावर हिशेब करून टाळता येते.

३९० चं ३७३ सीसीचं इंजिन सुमारे ३७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. प्रायमरी रेशो (इंजिन ते गिअरबॉक्स) २.६७, पहिला गिअरही २.६७. गुणाकार केला की पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवर साधारण २६३ न्यूटन-मीटर येतात. आता १५ दातांच्या ५२० स्प्रॉकेटचा पिच व्यास (चेनच्या पिना ज्या वर्तुळावर येतात त्याचा) ७६.४ मिमी. २६३ ला त्रिज्येने, म्हणजे ०.०३८२ मीटरने भागा: चेनमधली ओढ ६.९ किलोन्यूटन, जवळजवळ ७०० किलो. स्प्रॉकेट ११ दातांचं घेतलं तर व्यास ५६.४ मिमी आणि ओढ ९.३ किलोन्यूटन. हे सगळं इंजिन सुरळीत ओढत असतानाचं. क्लच झटक्यात सोडल्यावरचा धक्का याहून मोठा असतो.

लहान स्प्रॉकेटचा दुसरा तोटा असा की चेन वर्तुळावरून जात नाही, बहुभुजाच्या कोपऱ्यांवरून जाते. त्यामुळे चेनचा वेग प्रत्येक दाताला थोडा कमीजास्त होतो. ११ दातांना हा फरक सुमारे ४ टक्के, १५ ला २.२, १७ ला १.७. ही थरथर बेअरिंगना आणि डिफरन्शियलच्या ब्रॅकेटना सोसावी लागते.

तरी टीमा ११-१२ दातांकडे का जातात? ॲक्सिलरेशन हवं म्हणून. पण आधी टायर बघा. केटीएम ३९० ड्यूकच्या मागच्या १५०/६०-१७ टायरचा व्यास साधारण ६१२ मिमी असतो, आपल्या १० इंची रिमवरच्या स्लिकचा ४५७ च्या आसपास. तेवढ्यानेच, बाइकचाच १५/४५ रेशो (पुढे १५ दात, मागे ४५) ठेवूनही, जमिनीवरची ओढ एक तृतीयांशाने वाढते. म्हणून पुढे १४ ते १६ दात ठेवा आणि रेशो बदलायचा तर मागचं स्प्रॉकेट बदला. ३९० साठी १५/४२ पासून सुरुवात केलीत तर पहिल्या गिअरमध्ये ९,००० आरपीएमला ताशी ३९ किमीच्या आसपास मिळतात. पुढचं ट्रॅकवर ठरवा.

लांबीचा हिशेब चॅसिस वेल्ड होण्याआधी

चेनच्या कड्या सम संख्येत हव्यात. विषम आली तर जोडायला वाकडी अर्धी कडी लागते, आणि ती आपल्या कामाला चालत नाही. सूत्र असं: दोन शाफ्टमधलं अंतर भागिले पिच, याला क्ष म्हणा. कड्या = २क्ष + (दोन्ही दातांची बेरीज ÷ २) + (दातांतला फरक ÷ ६.२८३)² ÷ क्ष.

समजा १५/४२ दात आणि अंतर ३०० मिमी. उत्तर येतं ६७.३. सम संख्या ६८, त्यासाठी अंतर ३०६ मिमी लागतं. ६६ कड्यांसाठी २९० मिमीच्या जवळ. म्हणजे ३०० हे अंतर मधोमध, कुठल्याच चेनला न बसणारं. डिझाइनच्या टप्प्यावर हे दिसलं तर डिफरन्शियल ६ मिमी मागे सरकवायला काहीच लागत नाही. चॅसिस वेल्ड झाल्यावर दिसलं तर ब्रॅकेट कापावे लागतात.

अंतर बदलता येईल अशी सोय हवीच. ६८ कड्यांची चेन एक टक्का वाढली तर तिची लांबी जवळजवळ ११ मिमीने वाढते आणि डिफरन्शियल साडेपाच मिमी मागे न्यावं लागतं. तेव्हा या उदाहरणात ३०३ ते ३१३ मिमी इतकी हालचाल ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटला चेनने किमान १२० अंश वेढलं पाहिजे. इथे ते १५४ येतं, म्हणून ती काळजी नाही. १५ दात आणि ६८ कड्या यांना सामायिक विभाजक नाही, त्यामुळे तोच दात त्याच कडीला पुन्हा पुन्हा भेटत नाही आणि झीज वाटली जाते.

बैठक आणि रेषा

चेन तुटलेल्या किंवा उतरलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा चेनचा नसतो. ७०० किलोची ओढ आली की डिफरन्शियलचा ब्रॅकेट पुढे वाकतो. स्प्रॉकेट एका बाजूला असल्यामुळे त्या बाजूचा ब्रॅकेट जास्त वाकतो आणि स्प्रॉकेट तिरकं होतं. गाडी स्टँडवर असताना सगळं सरळ दिसतं, धावताना नसतं.

म्हणून स्प्रॉकेट दोन ब्रॅकेटपैकी एकाच्या शक्य तितकं जवळ ठेवा. ब्रॅकेटपासून इंजिनच्या माउंटपर्यंत थेट जाणारा एक रॉड द्या, म्हणजे चेनची ओढ त्याच रॉडमध्ये दाब होऊन संपते आणि चॅसिसच्या नळ्यांना वाकवत नाही. डिझाइनच्या फाइलमध्ये फक्त ताण किती आला हे लिहू नका. चेनच्या पूर्ण ओढीखाली स्प्रॉकेटची कड किती मिलिमीटर सरकली हेही लिहा.

ताण देण्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत: टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणारा रॉड, आणि एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेली गोल तबकडी. मला एक्सेंट्रिक बरी वाटते, कारण दोन्ही बाजूंना सारखी भोकं पाडून ठेवली की डावं-उजवं आपोआप समान राहतं. टर्नबकलमध्ये दोन्ही बाजूंची लांबी दर वेळी वर्नियरने मोजावी लागते आणि लॉकनट विसरून चालत नाही.

रेषा तपासायला लेझर असेल तर उत्तम. नसेल तर एक चांगली सरळ, ग्राइंड केलेली पट्टी घ्या, मागच्या स्प्रॉकेटच्या चेहऱ्यावर सपाट टेकवा आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. दोन्ही स्प्रॉकेटची जाडी वेगळी असेल तर तो फरक धरा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा. मग मागचं स्प्रॉकेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. आकडा बदलला तर स्प्रॉकेट वेडंवाकडं बसलंय, आणि आधी ते काढून बैठक साफ करायला हवी. काही दिवस गाडी चालल्यावर आतल्या प्लेटा एकाच बाजूने घासून चकचकीत झाल्या, तर रेषा चुकली आहे हे नक्की समजा.

मुंबईत काय कुठे

चेन बाइकच्या चेनसेटच्या खात्रीच्या दुकानातून, बिलासह घ्या. रोलॉन, डीआयडी, आरके ही ओळखीची नावं आहेत. नकली मालही फिरतो. बाहेरच्या प्लेटांवर कंपनीचं नाव आणि नंबर स्पष्ट ठसलेला आहे का, रिव्हेटचे सगळे डोके सारखे आहेत का, आणि चेन आडवी धरल्यावर किती कमान पडते ते बघा. नवी, चांगली चेन आडवी फारशी झुकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग शोधताना बाकी काहीही घ्या, वापरलेली चेन आणि वापरलेलं स्प्रॉकेट मात्र नको.

नागदेवी स्ट्रीट बोल्ट, बेअरिंग, फीलर गेज आणि मोजमापाच्या साधनांसाठी सोन्यासारखा आहे. मागचं स्प्रॉकेट बहुधा करूनच घ्यावं लागतं: ७०७५-टी६ ॲल्युमिनियम किंवा ईएन२४ पोलाद. साकीनाक्याच्या गाळ्यांत किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत हे काम होतं. ड्रॉइंगवर पिच, दातांची संख्या, रोलरचा व्यास आणि जाडी हे चारही लिहा. ५२० साठी जाडी ६ मिमीहून किंचित कमी लागते आणि दातांच्या दोन्ही कडांना चॅम्फर (तिरका उतार) हवा, नाहीतर चेन बाजूने घासते. 'सॅम्पलसारखं करून द्या' एवढ्यावर काम सोडू नका.

कापणं आणि जोडणं

नवी चेन लांब येते. कापायच्या पिनचा डोका आधी ग्राइंडरने सपाट करा, मग चेन ब्रेकरने पिन ढकला. हातोडीने ठोकू नका, शेजारची कडी वाकते.

जोडायला रिव्हेटची लिंक, म्हणजे पिनचं तोंड फुलवून पक्की होणारी जोडकडी, वापरा. क्लिपची लिंक लावायला सोपी आहे आणि सरावात तात्पुरती चालेल, तेव्हा क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला असायला हवी. स्पर्धेला मात्र रिव्हेटच. ओ-रिंग चारही जागी बसवा, सोबत आलेलं ग्रीस पूर्ण लावा आणि बाहेरची प्लेट शेजारच्या कड्यांइतक्याच रुंदीपर्यंत दाबा. हे वर्नियरने मोजायचं असतं, अंदाजाने नाही. नंतर पिनचं तोंड फुलवा, चेनसोबतच्या कागदावर दिलेल्या व्यासापर्यंत. कमी फुलवलं तर प्लेट निघते, जास्त फुलवलं तर पिनला तडा जातो. शेवटी ती कडी बोटांनी वाकवून बघा, बाकीच्यांइतकीच मोकळी हलली पाहिजे.

ढील

गाडी जॅकवर, गिअर न्यूट्रलमध्ये, किल स्विच बंद. मागचं स्प्रॉकेट हाताने हळूहळू फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधा. तिथेच खालच्या सैल बाजूच्या मध्यावर चेन वरखाली करून मोजा. तीनशे मिमीच्या आसपास अंतर असेल तर एकूण ८ ते १० मिमी हालचाल ही सुरुवातीची चांगली खूण आहे. सैल जागी मोजून सेट केलं तर ताठ जागी चेन तारेसारखी ओढली जाते, आणि मग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं. जरा सैल चेन आवाज करते. जास्त घट्ट चेन आवाज न करता नुकसान करते, म्हणून शंका असेल तेव्हा थोडी सैल ठेवा.

नवी चेन पहिल्या सरावानंतर थोडी बसते. त्याच संध्याकाळी पुन्हा मोजा आणि वहीत लिहा.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर कापड धरून पुसायचं कधीही करू नका. कापड चेनमध्ये गेलं की बोट त्याच्या मागोमाग जातं. टीममधल्या प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगा.

तेल, पाऊस आणि खारी हवा

सील असलेल्या चेनला बाहेरून तेल लागतं ते रोलर, दात आणि रबरी रिंगांसाठी, आणि गंज थांबवायला. धुवायला चेन क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश रिंग खराब करतात, प्रेशर वॉशर पाणी सीलच्या आत घालतो. पुसून कोरडी करा, मग चेन लूब किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. फिरताना ते बाहेर पसरतं. सरावानंतर चेन कोमट असतानाच हे करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जादा तेल पुसून टाका, नाहीतर ते थेट मागच्या स्लिकवर उडतं.

जून ते सप्टेंबर गाडी बहुधा वर्कशॉपमध्ये उभी असते. मुंबईच्या त्या हवेत उघड्या प्लेटांवर चार दिवसांत तांबूस थर चढतो. तेव्हा चेन काढून, धुऊन, तेल लावून डब्यात बंद ठेवणं सगळ्यात चांगलं. काढणं शक्य नसेल तर दर आठवड्याला एक जण ठरवा, त्याने चेन फिरवून तेल लावायचं. प्लेटांवरचा वरवरचा गंज पुसला जातो. पण दोन प्लेटांच्या मधून लाल पूड झिरपताना दिसली, तर त्या कडीतलं ग्रीस संपलंय. अशी एक कडीही दिसली तर चेन बदला.

चेन कधी टाकायची

चेन लांब होते ती पोलाद ताणलं जाऊन नाही, पिन आणि बुश झिजून. मोजायला चेन ताठ धरा आणि २० पिच मोजा, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नव्या ५२० ला ३१७.५ मिमी येतात. ३२०.७ ला एक टक्का वाढ होते, आणि आपल्या कामासाठी मी तिथेच थांबतो, बाइकवाले आणखी पुढे जात असले तरी. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. शिवाय मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या बिंदूला चेन बोटाने बाहेर ओढा; अर्धा दात दिसला तर चेन संपलेली आहे.

न हलणारी, अडकणारी कडी, तडा गेलेला रोलर, आकड्यासारखे वाकलेले दात यांपैकी काहीही दिसलं तरी तोच निर्णय. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुने दात नवी चेन झपाट्याने खातात.

गार्ड, आणि स्पर्धेची पेटी

चेन तुटली तर ती ड्रायव्हरच्या पाठीकडे, पेट्रोलच्या नळीकडे किंवा ब्रेकच्या पाइपकडे उडते. म्हणून नियमात गार्ड सक्तीचा आहे: सलग पोलादाचा, भोकं नसलेला, चेनच्या रुंदीच्या किमान तिप्पट रुंद आणि चेनच्या मध्यरेषेवर. बोल्ट किमान ६ मिमीचे, ८.८ ग्रेडचे. जाडी किती हवी हे त्या वर्षीच्या नियमपुस्तकातून बघा, वेगवेगळ्या स्पर्धांचे आकडे वेगळे असतात. वजन वाचवायला इथे हात घालू नका. ५२० ची बाहेर आलेल्या पिनांसकट पूर्ण रुंदी मोजूनच तिप्पट करा, आतल्या ६.३५ ची नाही.

फॉर्म्युला भारत या आपल्याकडच्या स्पर्धेला कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाताना पेटीत भरा: मोजून कापलेली दुसरी चेन, तीन रिव्हेट लिंका, चेन ब्रेकर आणि त्याची जादा पिन, एकेक दाताने कमी आणि जास्त असलेली दोन पुढची स्प्रॉकेटं, त्यांची लॉक वॉशर, वर्नियर, सरळ पट्टी, गिअर ऑइल. कापलेली चेन निघण्याआधी एकदा गाडीवर बसवून बघा. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, सुमारे २२ किमीची असते. तिच्या आदल्या संध्याकाळी ताठ जागची ढील, स्प्रॉकेटचे बोल्ट आणि दोन्ही लॉकनट तपासा, आणि बोल्टवर मार्करची रेघ ओढा, म्हणजे सकाळी लांबूनही सरकलेला बोल्ट ओळखता येईल.